१९६६ ची स्पिटफायर घेऊन नागपूर–जबलपूर–अमरकंटक : जानेवारीत आईला घेऊन निघायचंय

संत्राबाग | १६ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

माझ्याकडे ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची स्पिटफायर मार्क टू आहे, १९६६ ची. ११४७ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, दोनच सीट, वर कापडी टप. गाडी मामाची. तो जबलपूरला व्हेइकल फॅक्टरीत होता. १९७४ मध्ये तिथल्याच एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून त्यानं ती घेतली आणि नोकरी सोडून नागपूरला आला तेव्हा स्वतः चालवत आणली. चार वर्षांपूर्वी मामा गेला. तेव्हापासून गाडी माझ्याकडे, धरमपेठेतल्या घराच्या पोर्चमध्ये. महिन्यातून दोनदा सकाळी सेमिनरी हिल्सपर्यंत फिरवते, त्यापलीकडे काही नाही.

आई आता ७२ ची आहे. कॉलेजची दोन वर्षं ती मामाकडे जबलपूरला राहिली होती. तो रविवारी तिला याच गाडीतून भेडाघाटला न्यायचा. दिवाळीत फराळ करता करता ती सहज म्हणाली, “एकदा त्याच गाडीतून धुवांधार पाहून यावं वाटतं.” (धुवांधार म्हणजे भेडाघाटचा धबधबा.) तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

बेत असा : नागपूर, सिवनी, जबलपूर. तिथं दोन मुक्काम. मग मंडला, डिंडोरी, अमरकंटक. परतताना पेंड्रा, रतनपूर, बिलासपूर, रायपूर आणि भंडाऱ्यावरून घरी. सगळं मिळून अकराशे किलोमीटरच्या आसपास, आठ दिवसांत. दिवसाला दीडशे-दोनशेच्या वर जायचं नाही, फक्त पहिला आणि शेवटचा टप्पा मोठा. जानेवारी निवडला कारण या गाडीत कार्बोरेटर थेट एक्झॉस्टच्या डोक्यावर बसतात. आपल्याकडच्या मे महिन्यात पेट्रोल पाइपातच उकळतं आणि गाडी सिग्नलला बंद पडते.

विचारायचं असं की गाडीत काय काय तपासू, सोबत काय ठेवू आणि या रस्त्यांवर सध्या कोण जाऊन आलंय? स्पॅनर हातात धरता येतो. प्लग, पॉइंट, टॅपेट मी स्वतः करते. मामानं शिकवलंय.

जुना_गिअर | १६ नोव्हेंबर, रात्री १०.५५

ताई, वाचून लई आनंद झाला. मी कामठी रोडवाला, १९६८ पासून घरात हेराल्ड आहे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची. तुमची स्पिटफायर आणि माझी हेराल्ड म्हणजे मावसबहिणी. पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, इंजिनाचं घराणं, सारं एकच. दोघींचं डिझाइन पण इटलीच्या मिकेलोत्तीचंच. त्यामुळं तुमचे बरेचसे पार्ट इथंच भारतात मिळतात, हे आधी ध्यानात घ्या. जुन्या स्पेअरवाल्यांकडे “स्पिटफायर” म्हणाल तर मान हलवतील, “हेराल्ड” म्हणा.

आता कामाचं. पुढच्या चाकाच्या खाली पितळेचा ट्रुनियन असते. उभ्या लिंकचं खालचं टोक त्यात आट्यांवर फिरते. त्यात तेल घालावं लागते, ईपी ९०, डिफरन्शियलवालं. ग्रीस नाही. तिथं निपल दिसते म्हणून मेकॅनिक गनने ग्रीस भरून देते. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत जात नाही, वरच सुकून बसते, खाली पाणी साचते, लिंकला गंज चढते.

१९९४ मध्ये काटोल रोडवर माझ्या हेराल्डचं उजवं चाक असंच आडवं झालं. स्पीड तीसचाही नव्हता म्हणून वाचलो. बाजूला बायको, मागं दोन पोरं. ज्या गॅरेजात वर्षानुवर्षं सर्व्हिसिंग केलं तिथं दर वेळी ग्रीसच भरलं गेलं होतं. तुटलेली लिंक हातात घेऊन पाहिली तर मोडलेल्या जागेचा अर्धा भाग काळा, जुना. अर्धाच चकचकीत. म्हणजे ती कितीतरी महिन्यांपासून आतून फाटत होती.

तुम्ही निघण्याआधी दोन्ही बाजू खोला. नुसतं तेल टाकून समाधान मानू नका. लिंक धुऊन, सुकवून, आट्यांच्या मुळाशी भिंग लावून पाहा. दोन्ही बाजूंचे आटे उलटसुलट असतात, डावा-उजवा ट्रुनियन बदलू देऊ नका.

दुसरं, कोणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढून क्रँकची पुली पाहा. क्लच दाबल्यावर पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढं सरकत असेल तर थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला पुढंमागं सरकू न देणाऱ्या चकत्या, गेले. तसं असेल तर प्रवासाचं नाव काढू नका. ते वॉशर खाली पडले की अख्खा ब्लॉक जाते.

पितळी_बिल्ला | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. या देशात चालू अवस्थेतल्या मार्क टू किती उरल्या असतील? अकराशे किलोमीटर म्हणजे ट्रकची गर्दी, स्पीडब्रेकर, उडणारी खडी. काच गेली तर कुठून आणाल? गाडी ट्रेलरवर जबलपूरला न्या, तिथं आईंना भेडाघाटपर्यंत फिरवा, परत ट्रेलरवर चढवा. इच्छाही पूर्ण होईल आणि गाडीही राहील. आपण या गाड्यांचे मालक नसतो, पुढच्या पिढीसाठी सांभाळणारे असतो.

संत्राबाग | १७ नोव्हेंबर, दुपारी १.२५

@पितळी_बिल्ला, राग अजिबात नाही. ट्रेलरचा विचार मीही केला होता.

पण चार वर्षांत माझ्या लक्षात आलंय की ही गाडी उभी राहून जास्त बिघडते. पहिल्या वर्षी दुःखामुळे मी तिला हातच लावला नव्हता. अकरा महिन्यांनी कव्हर काढलं तर ब्रेकचे पिस्टन जाम, क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली, टाकीत वार्निशसारखा वास. काचा, क्रोम सगळं जागच्या जागी, आणि गाडी मात्र इंचभर हलत नव्हती. सांभाळायचं ते काय, हा प्रश्न तेव्हाच पडला. मामानं ती तीस वर्षं ऑफिसला नेली, लग्नांना नेली, पावसात नेली. ती चालते म्हणूनच ती माझ्यापर्यंत पोचली.

काचेबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, ट्रकच्या मागे लागून जायचं नाही हे लिहून ठेवलंय.

@जुना_गिअर काका, रविवारी चाकं खोलते. क्लच दाबून पुली पाहिली, हलत नाही. हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला सुचलंही नसतं.

कलम_आणि_पाना | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

कागदांचं बघितलं का? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. आईला घेऊन आठ दिवस फिरणं त्यात बसवणं कठीण. माझ्या ओळखीतल्या दोघांनी हौसेनं व्हीए घेतला आणि आता हळहळतात.

संत्राबाग | १७ नोव्हेंबर, रात्री ८.०५

म्हणूनच व्हीए घेतला नाही. जुनीच नोंदणी पाच-पाच वर्षांनी फिटनेस करून आणि पर्यावरण कर भरून चालू ठेवलीय. विमा, पीयूसी चालू आहे, काचेवर फास्टॅगही आहे. सगळ्याच्या मूळ प्रती सोबत असतील.

फ्लोट_चेंबर | १८ नोव्हेंबर, रात्री ११.१५

पेट्रोलबद्दल कोणीच बोललं नाही. २००० साली शिसं असलेलं पेट्रोल गेलं तेव्हा व्हॉल्व्ह सीटचा प्रश्न आला, तो आपण हळू चालवून, टॅपेट तपासून निभावला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, ते जास्त त्रासाचं आहे.

एक तर इथेनॉल जुनं रबर फुगवतं. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरच्या वाटीला जाणारे पाइप, सगळं १९६६ च्या पेट्रोलसाठी बनलेलं आहे. पाइप बदलताना त्यावर ‘आर ९’ (इथेनॉल सोसणारा पाइप) छापलेलं आहे का बघा, साधा काळा पाइप घेऊ नका. पंपाचा डायफ्रॅम किट बदला आणि हेराल्डचा एक अख्खा पंप सोबत ठेवा, तो बसतो.

दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी अर्धी ठेवून गाडी महिनाभर उभी केली तर तळाशी पाणी वेगळं होतं.

तिसरं, टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला मळ ते सोडवून पुढं पाठवतं. टाकीनंतर काचेचा फिल्टर लावा, आतला कचरा डोळ्यांनी दिसतो.

आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. दोन्ही कार्बोरेटरच्या जेटचे नट दोन-तीन फ्लॅट (नटाच्या सहा बाजूंपैकी दोन-तीन) खाली घ्या, दोन्हीकडे सारखेच. वीस किलोमीटर चालवा, प्लग काढा. पांढरे दिसले तर अजून थोडं खाली. चहात दूध जास्त झाल्यासारखा रंग आला की थांबा.

संत्राबाग | ७ डिसेंबर, रात्री ९.००

तीन आठवड्यांचा हिशोब देते.

ट्रुनियन खोलले. डावा स्वच्छ, तेलात न्हालेला. उजव्याच्या तळाशी मात्र ग्रीसची वडी! खरवडून काढली तर आत तांबूस पाणी. भिंगाखाली आट्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसली. ती गंजाची की भेगेची हे ठरवत बसले नाही. काकांनी त्यांच्या साठ्यातली हेराल्डची नवी लिंक दिली, पैसे घ्यायला तयार होईनात. आईनं त्यांना तिळाच्या लाडवांचा डबा पाठवला.

काल रामटेकपर्यंत जाऊन-येऊन शंभर किलोमीटर केले. मामाची एक सवय होती : वीस किलोमीटर झाले की ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्यायची आणि उतरून चारही चाकांच्या मधोमध हात लावायचा. मनसरला तसं केलं. तीन चाकं थंड, पुढचं डावं हात ठेववेना इतकं गरम. कॅलिपर खोलला, पिस्टन मोकळा होता. मग लक्षात आलं, दोष रबरी ब्रेक पाइपात. जुना पाइप आतून फुगतो. पेडल दाबलं की तेल जोरानं जातं, सोडलं की परत येत नाही. ब्रेक लागूनच राहतो. सगळे रबरी ब्रेक पाइप नवे टाकले.

आता प्रश्न आईच्या बसण्याचा. सीट जमिनीपासून वीतभरच वर आहे. काल ती बसली छान, पण उठताना दोन्ही हात धरून ओढावं लागलं.

अंजनाची_आई | ७ डिसेंबर, रात्री ९.५०

अगं, माझ्या सासूबाईंचे गुडघे असेच होते. सीटवर गुळगुळीत कापडाची छोटी गादी ठेव, प्लॅस्टिकची पिशवी चालेल. आधी पाठमोरं टेकायचं, मग दोन्ही पाय जोडून आत फिरवायचे. उतरताना उलट. आणि गाडी नेहमी फूटपाथच्या कडेला लावू नको, उंचावट्यामुळे दार उघडत नाही आणि माणूस खड्ड्यातून उठल्यासारखं उठतं. सपाट जागा बघ.

टपातून वारा येत असेल ना? पायांवर गोधडी, कानाला मफलर. दर तासाला उतरवून दहा पावलं चालव. बाकी थर्मासमध्ये सुंठीचा चहा.

धानपट्टा | ८ डिसेंबर, सकाळी ७.२०

मी गोंदियाचा, रायपूर रोडवर आठवड्यातून दोनदा असतो. परतीच्या वाटेवर जपा. जानेवारीत छत्तीसगडात सरकारी धानखरेदी चालू असते. राजनांदगाव पट्ट्यात धानाचे ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्याच्या कडेला रांगेत उभे असतात आणि ट्रॉलीच्या मागं लाल दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो. तुमची गाडी इतकी बुटकी आहे की ट्रॉलीचा मागचा लोखंडी काठ बरोबर काचेच्या उंचीला येईल. सूर्यास्तानंतर गाडी चालवूच नका. सकाळी धुकं असलं तर आठ-साडेआठला निघा, पाणी पाहून पोहावं तसं.

देवरी ते साकोली जंगलपट्टा आहे, रानडुकरं आडवी येतात.

जुना_गिअर | ८ डिसेंबर, सकाळी ९.४५

धानपट्टाभाऊ बरोबर सांगून राहिले. अजून एक कारण आहे. तुमचा डायनॅमो लुकासचा सी ४०, जोरात फिरला तरी २२ अँपिअरच्या आसपासच देते आणि आयडलवर जवळपास काहीच नाही. दिवे, वायपर, हॉर्न सारं एकदम चालवलं की बॅटरी उतरत जाते. धुक्यात हळू चालणं म्हणजे नेमकं तेच.

आणि मार्क टू पॉझिटिव्ह अर्थ आहे हे विसरू नका. बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. माझ्या मित्राच्या गाडीला ढाब्यावर एका भल्या माणसानं मदत म्हणून ट्रकवरून स्टार्ट द्यायला केबल लावली, आपल्या रोजच्या समजुतीनं, उलटी. वायरिंगमधून धूर निघाला. बॅटरीवर मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत लिहून ठेवा. मोबाइलचा चार्जर गाडीला लावू नका, पॉवर बँक घ्या.

घाटवळण | ९ डिसेंबर, रात्री १०.२०

रस्त्याचं सांगतो, नोव्हेंबरात गेलो होतो. मनसर-खवासा-सिवनी मख्खन आहे. पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी रस्ता उचलून घेतलाय, दोन्ही बाजूंनी आवाज अडवायच्या भिंती आहेत, त्यामुळं जंगल फारसं दिसत नाही, पण नीलगाय आडवी येण्याची भीतीही नाही. लखनादौनला लक्ष ठेवा, हायवे ४४ डावीकडे नरसिंगपूरला जातो, तुम्हाला ३४ वर सरळ जायचंय.

डिंडोरीच्या पुढं आणि पेंड्रा-रतनपूरच्या मधल्या केंदा घाटात वळणं आहेत. तुमच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल मधून लटकणारा आहे. वळणात शिरल्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला की मागचं बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी गरकन फिरते. वेग वळणाआधी कमी करायचा, मग हलकासा अ‍ॅक्सिलरेटर धरून वळण पार करायचं. सरावासाठी सिवनीच्या अलीकडचा कुरईचा घाट उपयोगाचा नाही, तो आता चौपदरी आहे, तिथं काही कळणार नाही. आधी एकदा रिकाम्या रस्त्यावर करून पाहा.

संत्राबाग | ११ जानेवारी, रात्री ८.३०, जबलपूर

पोचलो. काल सकाळी साडेआठला निघालो, संध्याकाळी पाचला इथं. नागपूरला दाट धुकं होतं, आई अंगणात गोधडी गुंडाळून सात वाजल्यापासून तयार. पूर्ण चोक, तिसऱ्या प्रयत्नाला चालू. प्रत्येक तासाला थांबलो, चाकांना हात लावून पाहिला. चारही थंड.

सिवनीला चहाच्या टपरीवर म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरनं गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, “यह जबलपूर वाली है क्या?” आम्ही दोघी बघतच राहिलो. त्यानं चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी फॅक्टरीच्या गेटसमोर लाल रंगाची अशीच गाडी रोज पाहिली होती. गाडी तेव्हा लालच होती, मामानं नंतर रंग बदलला. दाराच्या बिजागरीशी अजून लाल दिसतो, तो त्याला दाखवला.

आज भेडाघाट. धुवांधारशी पोचेपर्यंत आई बोलत नव्हती. तुषार अंगावर आले तसं तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाली, “तो इथंच उभा राहून सिगारेट ओढायचा, घरी सांगू नको म्हणायचा.” मग बराच वेळ कठड्याला धरून उभी होती. परत येताना तिला टप उघडून हवा होता. बारा वाजलेले, ऊन छान पडलेलं. उघडला.

अंजनाची_आई | ११ जानेवारी, रात्री ९.०५

डोळे भरून आले गं. आईंना नमस्कार सांग.

संत्राबाग | १४ जानेवारी, सायंकाळी ७.१०, अमरकंटक

काल एक घटना झाली, सविस्तर लिहिते, कुणाच्या तरी कामी येईल.

मंडल्याहून निघालो. डिंडोरी पंधरा-वीस किलोमीटरवर असताना पेट्रोलचा वास आला. जुन्या गाडीत थोडा वास असतोच, पण हा गोडसर आणि ताजा होता. लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, आईला आधी उतरवून वीस पावलं लांब झाडाखाली बसवलं आणि बॉनेट उचललं. पुढच्या कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल ठिबकत होतं, टप, टप, आणि बरोबर खाली गरम एक्झॉस्ट. एक थेंब पडला की बारीक वाफ उठायची. अग्निशामक हातात घेऊन पंधरा मिनिटं नुसती उभी राहिले. गार होईपर्यंत काही करायचं नाही, हे मामाचंच शिकवणं.

मग वाटीचं झाकण काढलं. तीन स्क्रू. ते हरवू नयेत म्हणून आईनं पानसुपारीच्या डबीत ठेवले. ती केव्हाच जवळ येऊन उभी राहिली होती. फ्लोट उचलला तर नीडलच्या टोकाशी मोहरीच्या दाण्याहून लहान, काळा रबराचा कण. त्यामुळे नीडल पूर्ण मिटत नव्हती आणि पंप पेट्रोल ढकलत राहिला. कण आला कुठून? फिल्टर टाकीजवळ आहे, पण मी टाकलेले नवे पाइप त्याच्या पुढे आहेत. पाइप मी करवतीच्या पात्यानं कापले होते, कडा खरबरीत राहिल्या, नळीवर ढकलताना रबराचे तुकडे आत गेले. चूक माझीच. धारदार ब्लेडनं कापायला हवे होते आणि फुंकून साफ करायला हवे होते.

आईच्या साडीपिनेनं कण काढला, दुसरी वाटीही उघडून पुसली, त्यात अजून दोन सापडले. पाऊण तासात निघालो. शेजारच्या शेतातल्या बाईनं मटार आणून दिले ते आई सोलत बसली होती.

अमरकंटकला हजार मीटरवर भयंकर थंडी आहे. आज सकाळी टपावर पांढरं दहिवर होतं, बोटानं नाव लिहिता येईल इतकं. रात्री गाडी उताराकडे तोंड करून लावली होती. स्टार्टर दोनदाच फिरला आणि दमला. मग इग्निशन चालू, चोक पूर्ण, दुसरा गिअर (पहिल्याला सिंक्रोमेश नाही, म्हणजे चालत्या गाडीत तो अलगद पडत नाही), हँडब्रेक सोडला आणि दहा मीटरवर क्लच सोडताच चालू. आई मागच्या काचेतून हात हलवणाऱ्या धर्मशाळेच्या मुलांना टाटा करत होती.

संक्रांत असल्यामुळे नर्मदेच्या उगमाच्या कुंडावर मोठी गर्दी. भेडाघाटला एवढी गर्जणारी नदी इथं ओंजळीएवढी आहे. आईनं तिळगूळ वाहिला.

फ्लोट_चेंबर | १४ जानेवारी, रात्री १०.००

वास आल्याबरोबर थांबलात, हे सगळ्यात महत्त्वाचं. पन्नास जण “पोचलो की बघू” म्हणतात. पाइप करवतीनं कापायचे नसतात हे सांगायचं मीच विसरलो, माफ करा. परत आल्यावर पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये दुसरा छोटा फिल्टर टाका.

संत्राबाग | १८ जानेवारी, रात्री ९.२०, नागपूर

काल संध्याकाळी घरी पोचलो. मीटर मैलांत आहे : ६९० मैल, म्हणजे १११० किलोमीटर. पेट्रोल ९२ लिटर लागलं, लिटरला बारा. तेल अर्ध्या लिटरहून थोडं कमी घातलं. उजव्या मागच्या चाकात एक पंक्चर, रतनपूरच्या अलीकडे. चाकं तेराची असल्यामुळे मी वॅगन-आरच्या मापाचे १४५/८० टायर लावलेत, ट्यूब तिथल्याच दुकानात मिळाली. ट्यूब बदलेपर्यंत रामटेकरीचं मंदिर पाहून आलो. ते नागपूरच्या बिंबाजी भोसल्यांनी बांधलंय. आपल्या रामटेकच्या आठवणीनं नाव दिलं असणार, असं आई म्हणाली.

स्पीडब्रेकरवर सायलेन्सर दोनदा घासला. तिरकं चाक घेऊन एकेक चढवलं की घासत नाही, पण मंडल्याजवळच्या एका ठिकाणी आईला उतरवूनच पार करावं लागलं.

राजनांदगावला धानाच्या ट्रॉल्या धानपट्टाभाऊंनी सांगितल्या तशाच, रांगच्या रांग. उजेडात होतो म्हणून दिसल्या. दादा, तुमचे खरंच आभार.

@पितळी_बिल्ला, काच शाबूत आहे. पुढच्या डाव्या दिव्याच्या कडेवर खडीचा एक टवका उडाला, तिथं आतला लाल रंग दिसतो. तो तसाच ठेवणार आहे.

पितळी_बिल्ला | १८ जानेवारी, रात्री १०.४०

ठेवा. मी रोज धागा उघडून पाहत होतो. माझ्याकडे १९५१ ची एमजी टीडी आहे, सहा वर्षांत फक्त प्रदर्शनाच्या मैदानापर्यंत गेलीय, तीही ट्रेलरवर. काल कव्हर काढून क्लच दाबून पाहिला. प्लेट चिकटली आहे. तुम्ही तुमची कशी सोडवली होती?

संत्राबाग | १८ जानेवारी, रात्री ११.१०

मागची चाकं जॅकवर घेऊन खाली पक्के स्टँड लावले, टॉप गिअर टाकून इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं. मग क्लच पूर्ण दाबून धरला आणि ब्रेक झटक्यानं मारला. चौथ्यांदा सुटली. एकट्यानं करू नका. रविवारी काका आणि मी येतो. ईपी ९० चा डबा आणतेच आहे. टीडीला ते लागेल की नाही माहीत नाही, पण काकांचा आग्रह आहे की तेल सोबत असावं.